बांध कुणी घालायचा? : व्हर्च्युअल मशीन आणि क्लास लायब्ररी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना यंत्राचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे. म्हणून विषयही झाकणाखालचाच निवडला. संयोजकांनी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' सुचवून पाहिलं होतं. पण त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत, आणि या विषयाकडे कुणी फिरकत नाही.

जावा भाषेतला सगळ्यात लहान प्रोग्रॅम घ्या. पडद्यावर एक ओळ छापायची आणि संपायचं. हिंजवडीकडे जाणाऱ्या बसमधली निम्मी मंडळी तो झोपेतही लिहितील. आता तो चालवताना जावाला एवढंच सांगा, की कोणकोणते क्लास लोड होतात त्यांची नावं छापत जा. आपली ओळ उमटण्याआधी शेकडो नावं झरझर सरकतात : ऑब्जेक्ट, स्ट्रिंग, क्लास, सिस्टिम, थ्रेड, थ्रेडग्रुप. यातलं आपण काहीच लिहिलेलं नाही. ही क्लास लायब्ररी. आणि हे सगळं जे चालवतं ते व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सुमारे २०० बाइटकोड सूचना समजणारं, सॉफ्टवेअरनेच घडवलेलं यंत्र. दोन्ही मिळून आपण सरसकट 'जावा' म्हणतो. या दोघांच्या मध्ये एक बांध आहे. तो कुठून जातो, कुणी घातला आणि कुणी कोरला, हे आज सांगायचं आहे.

लांबून पाहिलं तर तो सरळ दिसतो. लायब्ररी जावात लिहिलेली, मशीन सी++ मध्ये. जवळ गेलं की गुंता कळतो. आत्ता कोण कुणाला हाक मारत इथवर आलं, या ऑब्जेक्टची जशीच्या तशी नक्कल कशी करायची, नवा थ्रेड कसा सुरू करायचा, हे जावातल्या कोडला स्वतःच्या बळावर कळणं शक्य नाही. उलट बाजूने पाहा. ॲरेच्या मर्यादेबाहेरचा घटक मागितला की मशीनला एक्सेप्शन फेकावं लागतं, आणि त्या एक्सेप्शनचा क्लास लायब्ररीत असतो. दोघांचंही एकमेकांवाचून अडतं.

मशीनचं अधिकृत स्पेसिफिकेशन शेकडो पानांचं आहे. कोणती सूचना स्टॅकवर काय ठेवते, क्लास फाइलमधला कोणता बाइट कशाचा, हे सगळं त्यात काटेकोरपणे दिलेलं आहे. लायब्ररीच्या सार्वजनिक मेथडचं वर्णनही तसंच बारकाईचं. पण या दोघांनी आपसात काय बोलायचं यासाठी स्पेसिफिकेशनच्या दुसऱ्या प्रकरणात एक छोटासा विभाग आहे. लायब्ररी उभी राहू शकेल इतका आधार मशीनने द्यावा, आणि रिफ्लेक्शन, क्लास लोड करणं, सुरक्षा, थ्रेड, वीक रेफरन्स यांसारख्या गोष्टींना मशीनची खास मदत लागेल, एवढं सांगून तो संपतो. मदत कोणत्या रूपात द्यायची, याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मते ही जागा जाणूनबुजून सोडलेली आहे, आणि पुढचं सगळं नाट्य याच जागेत घडलं.

आधी मशीन सुरू होतानाची थोडी गंमत पाहू. बहुतेक ठिकाणी आज चालतं त्या मशीनचं नाव हॉटस्पॉट. त्याला पहिला थ्रेड बनवायचा असतो. थ्रेडचा ऑब्जेक्ट बनवायचा तर त्याचा कन्स्ट्रक्टर चालला पाहिजे, आणि कन्स्ट्रक्टर विचारतो : सध्या चालू असलेला, म्हणजे मला जन्म देणारा, थ्रेड कोणता? पहिल्या थ्रेडच्या बाबतीत याचं खरं उत्तर 'कुणीच नाही' असं आहे. मग हॉटस्पॉट ऑब्जेक्टसाठी नुसती जागा काढतं, तिच्यातल्या 'ईईटॉप' नावाच्या खान्यात आपल्या आतल्या थ्रेडचा पत्ता परस्पर लिहितं, प्राधान्याचा आकडाही भरतं, आणि मगच कन्स्ट्रक्टरला हाक मारतं. अर्धवट जन्मलेला थ्रेड स्वतःलाच आपला जन्मदाता म्हणून दाखवतो. हा ईईटॉप लायब्ररीच्या सोर्समध्ये एका ओळीत जाहीर केलेला आहे. वर्षानुवर्षं जावातली एकही ओळ त्याला हात लावत नव्हती. नवखा वाचक ती ओळ निरुपयोगी समजून काढून टाकायचा, आणि मशीन सुरूच व्हायचं नाही. थ्रोएबल क्लासमध्ये 'बॅकट्रेस' नावाचा असाच एक खाना आहे. तोही मशीनसाठी राखीव.

मेमरी संपण्याचा पेच याहून मजेशीर. मेमरी संपली की मशीनने 'आउटऑफमेमरीएरर' फेकायचा असतो. पण तो ऑब्जेक्ट बनवायलाही मेमरी लागते. म्हणून असे काही ऑब्जेक्ट मशीन सुरू होतानाच बनवून बाजूला ठेवलेले असतात.

ही कोडी जावाच्या आधीची आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरॉक्सच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी स्मॉलटॉक-८० ही आपली भाषा बाहेर द्यायचं ठरवलं. त्यांनी ॲपल, डिजिटल इक्विपमेंट, ह्युलेट-पॅकार्ड आणि टेक्ट्रॉनिक्स या चार कंपन्यांना दोन गोष्टी दिल्या : सगळी लायब्ररी भरलेली 'व्हर्च्युअल इमेज', आणि मशीन कसं असावं याचं लेखी वर्णन. मशीन मात्र ज्याने त्याने आपल्या संगणकावर स्वतः लिहायचं. ॲडेल गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांच्या १९८३ सालच्या पुस्तकात ते वर्णन छापून आलं.

त्यांचा बांध क्रमांकांचा होता. मशीनची मदत लागणाऱ्या मेथडच्या डोक्यावर 'प्रिमिटिव्ह' हा शब्द आणि एक आकडा. लहान पूर्णांकांची बेरीज म्हणजे १, ॲरेतला घटक वाचणं म्हणजे ६०. मला यातली सगळ्यात देखणी वाटते ती नकाराची सोय. मशीनला काम जमलं तर उत्तर हातात ठेवून ते मोकळं होतं. जमलं नाही तर ते नकार देतं, आणि मेथडचा स्मॉलटॉकमधला मजकूर चालू होतो. बेरीज लहान पूर्णांकात मावली नाही की मशीन हात वर करतं आणि खालचा कोड मोठ्या पूर्णांकांची वाट धरतो. त्याच मेथडच्या टिप्पणीत कोणता प्रिमिटिव्ह अत्यावश्यक आणि कोणता ऐच्छिक, हेही लिहिलेलं असे. ऐच्छिक प्रिमिटिव्ह दिला नाही तरी इमेज चालते, फक्त हळू चालते. नवं मशीन लिहिणाऱ्याला आधी काय करायचं आणि नंतर काय, हे लायब्ररीच सांगत होती.

हे इतकं स्वच्छ का जमलं? माझं उत्तर सरळ आहे. पलीकडे काम करणारी माणसं दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत होती. त्यांना काय लागेल ते कागदावर उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोन बाजूंनी एकच माणूस काम करतो की वेगवेगळी माणसं, यावर या बांधाचं रूप ठरतं. तांत्रिक कारणं त्यानंतर येतात.

सन मायक्रोसिस्टिम्सने २३ मे १९९५ रोजी जावा जाहीर केली, तेव्हा मशीन आणि लायब्ररी दोन्ही घरचीच होती. पहिल्या जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या विकाससंचात, सी भाषेतला कोड जावाशी जोडण्याची जी सोय होती, ती जावाचे ऑब्जेक्ट सरळ सी स्ट्रक्चर म्हणून दाखवत असे. म्हणजे दुसऱ्या कुणी मशीन लिहिलं तर मेमरीतली मांडणीही सनसारखीच ठेवावी लागणार. ऑब्जेक्ट इकडून तिकडे हलवणाऱ्या गार्बेज कलेक्टरचे तर हातच बांधले गेले. नेटस्केपने आपली वेगळी सोय केली, मायक्रोसॉफ्टने आपली. १९९७च्या जेडीके १.१ मध्ये आलेल्या जेएनआयने, म्हणजे जावा नेटिव्ह इंटरफेसने, हा घोळ मिटवला. शेंग लियांग हे त्याचे मुख्य रचनाकार. जेएनआयमध्ये सी कोडच्या हातात ऑब्जेक्ट पडत नाही, एक अपारदर्शक संदर्भ पडतो, आणि सगळे व्यवहार फंक्शनच्या एका तक्त्यातून होतात.

पण जेएनआय ही पाहुण्यांसाठीची बैठकीची खोली आहे. घरातल्यांचा व्यवहार मागच्या दाराने चालतो. सनच्या लायब्ररीतल्या सी कोडने मशीनशी बोलायला 'जेव्हीएम' या उपसर्गाची फंक्शन वापरली : हॅशकोड, क्लोन, स्टॅकचा माग भरणं वगैरे. त्यांची एक हेडर फाइल आहे. शिवाय हॉटस्पॉटच्या सोर्समध्ये लायब्ररीतल्या कोणत्या क्लासचा कोणता खाना कुठे आहे, याची मोठी यादी आहे. ईईटॉप तिथेच सापडतो. हा करार लेखी आहे, पण मसुदा दोन्ही बाजूंच्या खिशात अर्धा अर्धा.

१९९६ साली टिम विल्किन्सन यांनी काफे नावाचं स्वतंत्र जावा मशीन आणलं. काफेसारख्या मशीनची खरी अडचण मशीन ही नव्हती. बाइटकोड चालवणं हे त्या मानाने आटोपशीर काम. लायब्ररी मात्र अजस्र, आणि दर आवृत्तीत वाढणारी. प्रत्येक मशीनवाल्याने ती नव्याने लिहायची म्हणजे शुद्ध वेडेपणा. १९९८ साली ग्नू क्लासपाथ हा प्रकल्प सुरू झाला तो यावरच्या उत्तरासाठी : लायब्ररी एक, मशीन अनेक. पुढे जॅमव्हीएम, सेबलव्हीएम, काकाओ, जाइक्स आरव्हीएम, आयकेव्हीएम अशी बरीच मशीन तिच्यावर चालली, आणि काफेही तिच्याकडे वळलं.

इथे बांध घालण्याची कला खरी पाहायला मिळते, म्हणून मी जरा रेंगाळणार आहे.

क्लासपाथने ठरवलं असं : ज्या सार्वजनिक क्लासला मशीनची मदत लागते, त्याच्या शेजारी 'व्हीएम' उपसर्गाचा एक छोटा क्लास ठेवायचा. ऑब्जेक्टला व्हीएमऑब्जेक्ट, क्लासला व्हीएमक्लास, थ्रेडला व्हीएमथ्रेड, थ्रोएबलला व्हीएमथ्रोएबल. सार्वजनिक क्लासमध्ये तपासण्या आणि नियम, म्हणजे जे सगळ्या मशीनना समान ते. व्हीएम क्लासमध्ये फक्त ज्याच्या त्याच्या मशीनचं गुपित. क्लासपाथ या क्लासची एक नमुना आवृत्ती देई. मशीनवाल्याने ती घ्यावी, नाहीतर स्वतःची लिहावी.

वरवर किरकोळ वाटेल, पण यातला निर्णायक मुद्दा असा, की हा बांध जावातच घातला होता. सी भाषेची अट नव्हती. जाइक्स आरव्हीएम हे आयबीएमच्या संशोधन विभागातलं मशीन स्वतःच जावात लिहिलेलं. येरून फ्राइटर्स यांचं आयकेव्हीएम जावाचा बाइटकोड डॉट नेटच्या भाषेत उतरवून चालवतं. या दोघांना 'हे घ्या सी फंक्शनचं हेडर' म्हटलं असतं तर ते कपाळाला हात लावून बसले असते. व्हीएम क्लास असल्यामुळे त्यांनी आपापल्या भाषेत ते भरून दिले. वर कंपायलरलाही त्या मेथड आत ओढून घेता आल्या, कारण सीमा ओलांडायचा खर्च नव्हता.

थ्रेडचं उदाहरण पाहा. लायब्ररीतला थ्रेड ऑब्जेक्ट आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रत्यक्ष धावणारा थ्रेड यांचं आयुष्य सारखं नसतं. ऑब्जेक्ट आधी बनतो, धाव नंतर सुरू होते. धाव संपते, ऑब्जेक्ट उरतो. सनने यासाठी ईईटॉपचा खाना ठेवला. क्लासपाथने थ्रेडमध्ये व्हीएमथ्रेडकडे बोट दाखवणारा एक खाना ठेवला. थ्रेड सुरू होईपर्यंत तो रिकामा, सुरू झाला की भरलेला, संपला की पुन्हा रिकामा. थ्रेड जिवंत आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या खान्यावरूनच मिळतं, मशीनला विचारावं लागत नाही. रचनेतूनच एक नियम फुकट मिळाला. अशा ठिकाणी मला रचनाकाराची पाठ थोपटावीशी वाटते.

क्लास या क्लासमध्ये 'व्हीएमडेटा' नावाचा एक खाना होता, प्रकार नुसता ऑब्जेक्ट. त्यात मशीनने काय ठेवायचं हे लायब्ररी विचारत नसे.

मग अडचण कुठे होती? बांध हलता राहिला. नव्या आवृत्तीबरोबर नवे व्हीएम क्लास येत, जुन्यांच्या मेथड बदलत, आणि प्रसिद्धीपत्रकात 'रनटाइम इंटरफेसमधले बदल' असा वेगळा विभाग छापावा लागे. छोट्या मशीनचे एकटे लेखक धापा टाकत मागे येत. डॉट नेटची मुक्त आवृत्ती असलेल्या मोनोने यावर रोखठोक तोड काढली होती. मशीन आणि मूळ लायब्ररी दोघांत एक आकडा कोरलेला, सुरू होताना तो जुळला नाही की मशीन स्पष्ट सांगून थांबायचं. उगाच कुठेतरी अर्ध्या तासाने कोसळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

२००५ साली अपाची फाउंडेशनने हार्मनी सुरू केलं आणि बांध वेगळ्या ठिकाणी घातला. क्लासच्या आत रेघ मारण्याऐवजी त्यांनी काही क्लास अख्खेच मशीनच्या वाट्याला दिले. ऑब्जेक्ट, क्लास, क्लासलोडर, थ्रेड, थ्रोएबल यांना त्यांनी 'कर्नल क्लास' म्हटलं. हे मशीनवाल्याने पूर्ण लिहायचे, बाकी सगळं हार्मनी देणार. आयबीएमने दिलेल्या कोडमध्ये ही विभागणी आधीपासून होती. कागदावर ती अधिक नीटस दिसते, कारण बांध फायलींच्या मधून जातो. मला ती पटत नाही. सगळ्या मशीनमध्ये जो भाग सारखाच असणार, तोही प्रत्येकाने पुन्हा लिहायचा, आणि लायब्ररीतले बाकीचे क्लास या कर्नल क्लासकडून ज्या अप्रकाशित गोष्टींची अपेक्षा धरतात, त्या कुठे नोंदवायच्या?

१३ नोव्हेंबर २००६ रोजी सनने जावा मुक्त करण्याची घोषणा केली, आणि मे २००७ पर्यंत लायब्ररीचा बहुतेक भाग बाहेर आला. जे तुकडे सनला मोकळे करता आले नाहीत, त्यांची भोकं रेड हॅटच्या आइस्डटी प्रकल्पाने काही ठिकाणी क्लासपाथचा कोड घालून बुजवली. क्लासपाथची गरज झपाट्याने ओसरली. क्लासपाथचं नाव मात्र परवान्यात राहिलं. जावाची ही मुक्त आवृत्ती, म्हणजे ओपनजेडीके, ज्या जीपीएल परवान्याखाली मिळते, त्याला जोडलेल्या सवलतीचं नाव 'क्लासपाथ एक्सेप्शन'. मुक्त लायब्ररीला जोडलेला तुमचा कोड तेवढ्याने मुक्त करावा लागत नाही, ही ती सवलत. जगभरच्या बँका ज्या कलमाच्या भरवशावर निर्धास्त आहेत, ते एका स्वयंसेवी प्रकल्पाने आपल्या गरजेपोटी लिहून ठेवलं होतं. जॅमव्हीएम आणि काकाओ यांनी मग सनची 'जेव्हीएम' फंक्शन पुरवायला सुरुवात केली. घरगुती मागचं दार आता सगळ्यांचं पुढचं दार झालं.

हार्मनी २०११ साली बंद झालं. त्याची लायब्ररी गूगलने अँड्रॉइडमध्ये डाल्विक मशीनवर बसवली होती, आणि २०१६च्या अँड्रॉइड ७ मध्ये तिच्या जागी ओपनजेडीकेची आली. सनची पुढची मालक ओरॅकल आणि गूगल यांचा खटला आपण ऐकून आहात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी तो गूगलच्या बाजूने संपवला. वाद होता सुमारे ११,५०० ओळींच्या घोषणांवर, म्हणजे लायब्ररीच्या वरच्या, प्रोग्रॅमरला दिसणाऱ्या बाजूवर. लायब्ररीच्या खालच्या बाजूवरून, जिथे एवढी वर्षं एवढी माणसं घाम गाळत होती, तिथल्या बांधावरून त्या खटल्यात कुणी भांडलं नाही.

एवढं ऐकून वाटेल, की वेगळ्या माणसांनी घातलेला बांधच चांगला. तसं मी म्हणत नाही. एका घरातल्या करारात एक ताकद असते, ती २०१७च्या जावा ९ मध्ये दिसली. तोवर स्ट्रिंगमधलं प्रत्येक अक्षर दोन बाइट घेई. जावा ९ ने स्ट्रिंगच्या आतला ॲरे बदलून बाइटचा केला आणि एक खूणखाना जोडला. मजकूर लॅटिन-१ मध्ये मावत असेल तर अक्षरामागे एक बाइट, नसेल तर पूर्वीसारखे दोन. बाहेरून कुणाला काही कळलं नाही. पण आत स्ट्रिंगचा क्लास, कंपायलर, गार्बेज कलेक्टर आणि यंत्रभाषेत लिहिलेल्या शोध-तुलनेच्या खास युक्त्या, सगळं एका दमात बदलावं लागलं. बांधाच्या पलीकडे दहा अनोळखी मशीन असती तर हे जमलं असतं का, याची मला शंका आहे. जाता जाता : देवनागरी लॅटिन-१ मध्ये येत नाही. 'नमस्कार' रोमन लिपीत लिहिलात तर आठ बाइट, मराठीत लिहिलात तर सात चिन्हांचे चौदा. आपल्याला या बचतीतलं काही मिळालं नाही.

एका घरातल्या कराराची दुसरी बाजू म्हणजे 'सन डॉट मिस्क डॉट अनसेफ' हा क्लास. लायब्ररीच्या लेखकांना मशीनच्या पोटात थेट हात घालायची सोय हवी होती : अमुक पत्त्यावर वाच, तमुक पत्त्यावर लिही, कन्स्ट्रक्टर न चालवता ऑब्जेक्ट बनव. बाहेरच्यांनी वापरू नये म्हणून दारावर पहारा होता. बाहेरच्या कोडने मागितलं की सिक्युरिटी एक्सेप्शन. पण क्लासच्या आत 'दअनसेफ' नावाच्या खान्यात तयार ऑब्जेक्ट ठेवलेलाच होता, आणि रिफ्लेक्शनने तो काढणं चार ओळींचं काम. नेटी, कॅसँड्रा, हडूप यांच्यासारख्या वेगाला हपापलेल्या सॉफ्टवेअरने तेच केलं. त्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांना जी गोष्ट हवी होती तिच्यासाठी बांधावर फाटकच नव्हतं, म्हणून त्यांनी बांध कोरला. आणि एकदा जगातला निम्मा डेटा त्या भगदाडातून वाहू लागला, की ते बुजवायची हिंमत मालकालाही होत नाही. जावा ९ मध्ये आतले पॅकेज कुलूपबंद झाले, तेव्हा अनसेफ त्यातून वगळावा लागला आणि 'असमर्थित' नावाच्या मॉड्यूलमधून पुढे चालू ठेवावा लागला.

त्यानंतरचं काम शहाणपणाने झालं, असं मला वाटतं. आधी फाटकं बांधली गेली. अविभाज्य (ॲटॉमिक) वाचन-लेखनासाठी जावा ९ मध्येच 'व्हारहँडल' आलं. मशीनच्या हीपबाहेरच्या मेमरीसाठीची आणि परकीय फंक्शनना हाक मारण्याची नवी सोय मार्च २०२४ च्या जेडीके २२ मध्ये पक्की झाली. त्यानंतरच जेडीके २३ ने अनसेफच्या मेमरीला हात घालणाऱ्या मेथड काढून टाकायच्या यादीत घातल्या. जेडीके २४ तर त्या पहिल्यांदा वापरल्या की पडद्यावर इशाराच छापतो. पण कन्स्ट्रक्टर न चालवता ऑब्जेक्ट बनवणारी मेथड या यादीत नाही. ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवून पुन्हा उभे करणाऱ्या कितीतरी लायब्ररी तिच्यावर उभ्या आहेत, आणि तिच्या तोडीचं फाटक अजून बांधलेलं नाही. ते बांधायचं काम मशीनवाल्यांचं आहे, आणि ते झाल्याशिवाय ती मेथड काढायला निघणं मला तरी न्याय्य वाटणार नाही.